वॉकर, फुलर, टकर: एका धंद्याची तीन आडनावं

रानपाखरू

धाकट्या बुशसाहेबांच्या नावातला 'डब्ल्यू' म्हणजे वॉकर. थोरल्या बुश यांचं पूर्ण नाव जॉर्ज हर्बर्ट वॉकर बुश, आणि त्यातले पहिले तीन शब्द आईच्या वडिलांचं नाव उचलून ठेवलेले. हे आजोबा अमेरिकेच्या गोल्फ संघटनेचे अध्यक्ष होते. हौशी गोल्फपटूंचा 'वॉकर कप' त्यांच्याच नावाने खेळतात. इथपर्यंत कुणाचा वाद नाही. पण वॉकर म्हणजे कोण, असं विचारलं की बहुतेक जण 'चालणारा' म्हणून मोकळे होतात.

त्यात त्यांचा दोष नाही. बाटलीवर लांब ढांगा टाकत निघालेला तो उंच टोपीवाला साहेब बघितल्यावर दुसरं काय सुचणार? जॉन वॉकरने १८२० साली स्कॉटलंडमधल्या किल्मार्नोक गावात वाण्याचं दुकान टाकलं, तिथून ती व्हिस्की निघाली. ढांगा टाकणारं चित्र १९०८ मध्ये टॉम ब्राउन या व्यंगचित्रकाराने काढलं. म्हणजे आडनावावर कोटी करून चित्र झालं, आणि आता लोक चित्रावरून आडनावाचा अर्थ लावतात.

मूळचा वॉकर पायानेच काम करायचा, पण जायचा कुठेच नाही. लोकरीचं कापड कुंडात घालून तासन् तास तुडवणं हा त्याचा धंदा. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरविरीत असतं, धाग्यांमध्ये फटी असतात, आणि लोकरीचा ओशटपणा त्यात तसाच असतो. ते ओलं करून, चरबी शोषणारी माती आणि शिळं मूत्र (हो, माणसांचंच, त्यातल्या अमोनियाने चरबी सुटते) घालून तुडवलं की ओशटपणा निघून जातो. शिवाय लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकून कापड आटतं आणि दाट होतं. गरम पाण्यात पडलेला लोकरी स्वेटर मशिनमधून बाळाच्या मापाचा होऊन बाहेर येतो ना, तेच इथे मुद्दाम आणि बेताने करायचं. इंग्लंडच्या पावसाळी थंडीत टिकेल असं दाट कापड त्याशिवाय मिळत नसे.

या कामाला इंग्लंडच्या तीन भागांत तीन शब्द होते. दक्षिण-पूर्वेला आणि ईस्ट अँग्लियात फुलर, हा लॅटिन 'फुल्लो'वरून आला. नैर्ऋत्येला डेव्हन, कॉर्नवॉल, सॉमरसेटकडे टकर. जुन्या इंग्रजीत 'टुकियन' म्हणजे छळणे; कापडाचे हाल हाल करतो तो टकर. आणि वेस्ट मिडलंड्स, उत्तर इंग्लंड, स्कॉटलंड इथे वॉकर. त्यामागचं 'वेआल्कन' हे क्रियापद लोळवणे, घोळवणे अशा अर्थाचं. चालण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला.

इंग्लंडमध्ये आडनावं साधारण १२५० ते १४०० या काळात पक्की झाली. म्हणजे पिढी बदलली, धंदा सुटला, तरी नाव तेच राहू लागलं. पुढे १८८१ च्या जनगणनेवरून संशोधकांनी आडनावांचे नकाशे काढले, त्यात टकर अजून डेव्हन-कॉर्नवॉलकडे आणि फुलर आग्नेयेला दाटलेले दिसतात. रेल्वे येऊन पन्नास वर्षं झाली होती, तरीही. मला या सगळ्यात हेच सगळ्यात भारी वाटतं.

जाणकारांनी भर घालावी.

तिरकस

तर मग जॉनी वॉकर म्हणजे जॉनी परीट. आणि ते कंसातलं वाक्य वाचल्यावर शुक्रवारच्या बैठकीला बसायचं की नाही याचा विचार करतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

मंगलाताई

परीट कसा होईल? परीट वापरलेले कपडे धुतो. हा माणूस मागावरून आलेल्या कोऱ्या कापडावर काम करतो. म्हटलं तर विणकर आणि शिंपी यांच्या मधली पायरी.

गोंधळ व्हायला जागा आहे हे मात्र खरं. बायबलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानात येशूची वस्त्रं अशी शुभ्र होतात की पृथ्वीवरच्या कुणालाच तितकी शुभ्र करता येणार नाहीत, असं वर्णन आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलात तिथे फुलर आहे, मराठीत परीट आला आहे. भाषांतर करणाऱ्याने तरी दुसरं काय करावं? आपल्याकडे सुती कापडाचा देश, हा धंदाच नाही.

सांगलीची_सई

अगदीच नाही असं नाही, मंगलाताई. आमच्या भागात बुरणूस आणि जेन ही लोकरीची जाड अंथरुणं-पांघरुणं करायचे, तिथे लोकर विणतच नाहीत. पिंजून थर पसरायचा, पाणी मारायचं, गुंडाळी करून दाबत-तुडवत राहायचं, की त्याचा नमदा, म्हणजे न विणलेलं दाट लोकरी कापड होतं. खवल्यांची युक्ती तीच.

घोंगडी मात्र सनगर लोक मागावर विणतात आणि चिंचोक्याची खळ लावून ताठ करतात. म्हणजे दाटपणा आणायचा आमचा उपाय वेगळा. नवीन घोंगडं खांद्याला टोचतं ते त्यामुळेच.

रानपाखरू

@सई, क्या बात! बुरणूस माझ्या डोक्यातही आला नव्हता.

@तिरकस, मूत्राचा तुमचा ताण हलका करतो: रोमन लोकही तेच वापरायचे. पोम्पेईतल्या एका धुलाईघरात सापडलेली भित्तिचित्रं नेपल्सच्या संग्रहालयात आहेत, त्यात कुंडात उभे राहून कपडे तुडवणारे लोक स्पष्ट दिसतात. सम्राट व्हेस्पेशियनने या मूत्रावर कर बसवला होता, आणि पैशाला वास येत नाही ही म्हण त्याच्याच नावावर खपवली जाते.

लीड्सकर

उशिरा आलो. उत्तर इंग्लंडात यॉर्कशरात राहतो, इथे वॉकर म्हणजे आपल्याकडचे पाटील. शाळेच्या प्रत्येक वर्गात एखादा सापडतोच.

पहिला मुद्दा. पायाने तुडवणं इंग्लंडात फार लवकर मागे पडू लागलं. टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या मिळकतींची ११८५ ची नोंद आहे, तिच्यात कापड कुटणाऱ्या पाणचक्क्या येतात. चाक फिरलं की लाकडी हातोडे वर उचलले जाऊन कुंडातल्या कापडावर पडत, माणसाने फक्त लक्ष ठेवायचं आणि कापड फिरवायचं. म्हणजे आडनाव पक्कं होईपर्यंत कित्येक वॉकर स्वतः तुडवतच नव्हते.

एलिनोरा कॅरस-विल्सन या इतिहासकार बाईंनी १९४१ मध्ये याच चक्क्यांवर एक गाजलेला निबंध लिहिला आणि त्याला थेट 'तेराव्या शतकातली औद्योगिक क्रांती' म्हटलं. त्यांचं म्हणणं असं की चक्कीला उताराचं, वाहतं पाणी लागतं, म्हणून कापडधंदा सपाटीवरच्या जुन्या शहरांतून उठून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या डोंगराळ खेड्यांत गेला. नंतरच्या इतिहासकारांनी त्यावर बऱ्याच हरकती घेतल्या, त्यांना ही एवढी सरळ गोष्ट वाटत नाही. इथले ओढे बघून मला मात्र बाई पटतात.

दुसरा मुद्दा गावांच्या नावांचा. उत्तरेत वॉक मिल सापडतं, कॉर्नवॉलमध्ये टकिंगमिल नावाचं गावच आहे. वेल्समध्ये अशा चक्कीला 'पँडी' म्हणतात; खाणकामगारांच्या दंगलीसाठी प्रसिद्ध असलेल्या टोनिपँडीतलं पँडी तेच. डेव्हनमधल्या एक्सेटरला टकर्स हॉल आहे, १४७१ चा: विणकर, टकर आणि कातरणारे यांच्या संघाची इमारत, आजही उभी.

तुडवून आटलेलं कापड पुढे लाकडी चौकटींवर आकडे लावून ताणून वाळवायचे. त्या चौकटीला टेंटर म्हणत, म्हणून जुन्या कापडगावांत टेंटर नावाच्या गल्ल्या भेटतात. मग काटेरी बोंडांनी घासून लव वर काढायची आणि माणसाच्या अर्ध्या उंचीच्या कात्र्यांनी ती सपाट कातरायची. तयार तागे विकायला हॅलिफॅक्सचा पीस हॉल, १७७९ चा, ३१५ खोल्यांचा. कुणी इकडे आलं तर लीड्सऐवजी तो बघा, असं लीड्सकर असूनही सांगतो.

कोल्हापुरी_चप्पल

कातरणारे म्हणजे शिअरमन, त्याचा शर्मन? रणगाडावाला?

लीड्सकर

तोच. रणगाड्याला नाव अमेरिकी यादवीतल्या जनरल शर्मनचं, आणि शर्मन हे शिअरमनचं रूप.

शंकासुर

सगळं वाचलं. दोन शंका.

एक, इंग्लंडात राजाच्या जंगलात गस्त घालणारे शिपाई असायचे, त्यांनाही वॉकर म्हणत असं वाचल्याचं आठवतं. मग चालणारा हा अर्थ इतका सहज का उडवून लावता?

दोन, वॉकर हे इंग्लंड-वेल्समधल्या पहिल्या वीस आडनावांत मोडतं. एवढ्या लोकांचे पूर्वज कापड तुडवत होते? मग कापड घालत कोण होतं?

(हे खोचक नाही. खरंच विचारतोय.)

रानपाखरू

पहिलीचं उत्तर सोपं आहे. जंगलातला वॉकर होता, पण आडनावाच्या जुन्या नोंदी जिथे दाट आहेत तो कापडाचा मुलूख आहे, राजाच्या शिकारीचा नव्हे. आणि वॉकर, फुलर, टकर यांचे प्रदेश एकमेकांच्या शेजारी बसतात. जंगलवाला अर्थ मुख्य असता तर वॉकर दक्षिणेतल्या मोठ्या राजवनांभोवतीही तितकेच दिसायला हवे होते. एखाददुसऱ्या घराण्याचं मूळ तसं असेलही, नाही म्हणत नाही.

दुसरी शंका जास्त चांगली आहे. आडनाव किती पसरलं यावरून धंद्यात किती माणसं होती हे मोजता येत नाही. १४०० च्या आसपास नाव पक्कं झालं, त्यानंतर एका वॉकरला पाच मुलगे झाले आणि दुसऱ्याला फक्त मुली, तर एक नाव वाढलं आणि दुसरं बुडालं. सहाशे वर्षांत असल्या योगायोगांचा डोंगर होतो.

पण वॉकर टकरच्या इतका पुढे गेला याला निव्वळ योगायोग म्हणवत नाही. टकरचा मुलूख लहान. वॉकरचा मुलूख म्हणजे यॉर्कशर, लँकेशर, मिडलंड्स, आणि औद्योगिक क्रांतीत नेमकी हीच गावं फुगली. ज्या प्रदेशाची लोकसंख्या फुगते तिथली आडनावं फुगतात. त्यात स्कॉटलंड आहे. तिथल्या गेलिक भाषेत 'मॅक अन उकडर' असं नाव होतं, म्हणजे कापड तुडवणाऱ्याचा मुलगा. त्या घराण्यांतल्या अनेकांनी इंग्रजी करताना सरळ वॉकर लावलं. जर्मनीतही वॉल्कर याच धंद्याचं आडनाव, अमेरिकेत जाऊन त्यातले काही वॉकरमध्ये मिसळले.

आणि सगळ्यांच्या वर, लोकर हाच मध्ययुगीन इंग्लंडचा पैसा होता. ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहात सभापती अजून लोकर भरलेल्या आसनावर बसतात. आडनावांची यादी नुसती वर-खाली बघा: वेब, वीव्हर आणि वेबस्टर विणणारे, कार्डर पिंजणारा, शर्मन कातरणारा, टेलर शिवणारा. लोकर मेंढीवरून माणसाच्या अंगावर येईपर्यंतच्या प्रत्येक पायरीला आडनाव आहे.

वेंधळी

वेबस्टरमधला तो 'स्टर' मूळचा बायकांसाठीचा प्रत्यय ना? बॅक्स्टर म्हणजे भाजणारी, ब्रूस्टर म्हणजे दारू गाळणारी. पुढे पुरुषांनाही तेच लावू लागले. बायकांचा धंदा आणि बाप्यांचं आडनाव, वा.

बाकी स्कॉटलंडच्या बेटांवर हे तुडवणं बायकाच करायच्या, अगदी विसाव्या शतकापर्यंत. लांब फळीभोवती बसून ओलं ट्वीड (तिथलं जाड लोकरी कापड) आपटायचं आणि तालावर गाणी म्हणायची. त्या गाण्यांची ध्वनिमुद्रणं ऐकली आहेत. एक बाई ओळ टाकते, बाकीच्या धृपद उचलतात. आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखं, फक्त इथे एकटीचं गाणं नाही, घोळक्याचं.

अटलांटावासी

अमेरिकेबद्दल थोडं. २००० च्या जनगणनेत वॉकर हे इथलं अठ्ठाविसावं आडनाव होतं, २०१० मध्ये एकतिसावं. वॉकर कमी झाले नाहीत, पेरेझ, सँचेझ, रामिरेझ पुढे गेले.

दुसरी गोष्ट धाग्यात आलीच नाही. इथल्या वॉकरांत आफ्रिकन-अमेरिकन लोकांचं प्रमाण मोठं आहे, जवळपास तिसरा हिस्सा. त्यांच्या पूर्वजांनी यॉर्कशर पाहिलं नव्हतं की कापड तुडवलं नव्हतं. गुलामी संपल्यावर १८६५ नंतर अधिकृत नोंदींसाठी आडनाव लागू लागलं. कुणी मालकाचं घेतलं, कुणी आधीच्या मालकाचं, कुणी आपल्याच बापाकडून चालत आलेलं, कुणी नुसतं आवडलं म्हणून. तेव्हा 'तुमचं आडनाव वॉकर म्हणजे तुमचे पूर्वज कापडवाले' असं सांगणाऱ्या ज्या वेबसाइट आणि चहाच्या कपावर छापलेली 'कुलचिन्हं' विकणारी दुकानं आहेत, त्यांच्यापासून चार हात लांब राहावं. कुलचिन्ह एका माणसाला, त्याच्या वंशाला मिळतं, आडनावाला नाही.

आणि यादीत फक्त बुश नकोत. डेव्हिड वॉकरने १८२९ मध्ये बोस्टनमधून गुलामगिरीविरुद्ध जे पत्रक काढलं त्याने दक्षिणेकडची सरकारं हादरली होती. मॅगी लीना वॉकर यांनी १९०३ मध्ये रिचमंडला बँक काढली. मॅडम सी. जे. वॉकर या मूळच्या सारा ब्रीडलव्ह, केशप्रसाधनांच्या धंद्यातून प्रचंड श्रीमंत झाल्या. वॉकर हे नवऱ्याचं नाव, नवरा सुटला पण नाव बाटल्यांवर राहिलं.

मंगलाताई

@अटलांटावासी, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून यायला हवा होता. वाचनखूण साठवली.

बडोदेकर

मराठी इतिहासातला वॉकर कसा कुणाला आठवला नाही? कर्नल अलेक्झांडर वॉकर, बडोद्याच्या दरबारातला ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे प्रतिनिधी, स्कॉटिश माणूस. पूर्वी गायकवाडांची फौज खंडणी वसूल करायला काठेवाडात मुलुखगिरीवर जायची. १८०७ मध्ये या वॉकरने तिथल्या संस्थानिकांनी पेशवे आणि गायकवाडांना किती द्यायचं ते कायमचं ठरवून टाकलं; इतिहासात तो 'वॉकर करार' म्हणूनच ओळखला जातो. अर्थात त्याबरोबर काठेवाडातला शब्द कंपनीचा झाला, तो हेतू होताच. मुलींना जन्मतः मारण्याच्या चालीविरुद्धही त्याने तिथल्या सरदारांकडून लिहून घेतलं होतं. पुढे तो सेंट हेलेनाचा गव्हर्नर झाला, नेपोलियन वारल्यानंतर.

कोल्हापुरी_चप्पल

आणि आपला जॉनी वॉकर! बदरुद्दीन काझी, इंदूरचा, मुंबईत बेस्टच्या बसवर कंडक्टर. गुरुदत्तने व्हिस्कीवरून नाव ठेवलं. पडद्यावर आयुष्यभर दारुडा, प्रत्यक्षात थेंबाला शिवला नाही.

तिरकस

म्हणजे किल्मार्नोकचा वाणी, कंडक्टर, कर्नल आणि राष्ट्राध्यक्ष. चालले सगळेच, तुडवलं फक्त कर्नलने.

प्रयोगशाळा

फुलरवर अन्याय होतोय. घरोघरी फुलर आहे: इंग्रजीत 'फुलर्स अर्थ' म्हणजे आपली मुलतानी माती. चेहऱ्याला लावतो तीच जात, चरबी शोषणारी चिकणमाती. इंग्लंडात सरे आणि बेडफर्डशरमध्ये तिच्या खाणी होत्या आणि परदेशी कापडवाल्यांच्या हाती लागू नये म्हणून तिच्या निर्यातीवर बंदी असायची. खाणी दक्षिण-पूर्वेला आणि फुलरही दक्षिण-पूर्वेला, हा संबंध कुणी तपासला आहे का?

अवांतर: बकमिन्स्टर फुलर नावाचा अमेरिकी रचनाकार त्रिकोणांचे घुमट बांधायचा, १९६७ च्या माँट्रियल प्रदर्शनातला गाजला. १९८५ मध्ये साठ कार्बन अणूंचा चेंडूसारखा रेणू सापडला तेव्हा त्या घुमटावरून त्याचं नाव फुलरीन पडलं. १९९६ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला.

रानपाखरू

मातीचा संबंध मोहक आहे, पण मला वाटतं उलट्या बाजूने बघायला हवं. माती वॉकरही वापरायचा आणि टकरही. फुलर शब्द दक्षिण-पूर्वेत रुजला कारण लॅटिन-फ्रेंच शब्दांना तो भाग जास्त खुला होता. मातीला फुलरचं नाव पडलं ते लंडनच्या आसपासची बोली पुस्तकी इंग्रजी झाली म्हणून. हीच बोली यॉर्कशरची असती तर तुम्ही आज वॉकर्स अर्थ लावत असता.

शंकासुर

पहिली शंका फिटली, दुसरी अर्धी. तिसरी: नाव आणि धंदा कधीपर्यंत एकत्र होते हे कळायला काही पुरावा आहे का, की १४०० हा नुसता अंदाज?

रात्रपाळी

याच माळेतलं अजून एक विचारतो. डायर म्हणजे कापड रंगवणारा ना? जालियनवाला बागेचा जनरल डायर रंगारी आडनावाचा, हे आत्ता हा धागा वाचताना लक्षात आलं. मग डायरलाही वेगवेगळे प्रादेशिक भाऊ आहेत का?

रानपाखरू

दोघांना एकच उत्तर चालेल. हो, डायरला भाऊ आहे: लिस्टर. उत्तरेत आणि नॉरफोकमध्ये रंगाऱ्याला 'लिट्स्टर' म्हणत, त्याचा लिस्टर झाला. शस्त्रक्रियेत कार्बोलिक आम्ल वापरून जखमा सडणं थांबवणारा जोसेफ लिस्टर त्याच आडनावाचा, आणि त्याच्या नावावरून १८७९ मध्ये लिस्टरीन. सकाळी चूळ भरता ती रंगाऱ्याच्या नावाने.

शंकासुर, आता तुमचा पुरावा. १३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडात नॉरफोकचा म्होरक्या होता जेफ्री लिट्स्टर. बिशपच्या फौजेने त्याला पकडून मारलं. हा लिट्स्टर धंद्यानेही रंगारीच होता. म्हणजे १३८१ मध्ये त्या भागात नाव आणि हातातलं काम अजून जुळलेलं सापडतं. पण त्याच्या दोनच वर्षं आधीच्या, १३७९ च्या यॉर्कशरच्या डोईपट्टीच्या याद्या काढा. त्यात नावापुढे धंदा लिहिलेला असतो, आणि तिथे एका धंद्याचं आडनाव लावून दुसराच धंदा करणारी माणसं भेटतात. एकाच पिढीत दोन्ही प्रकार. १४०० ही काही रेघ नाही, पण वळण त्याच सुमाराचं आहे.